अंगठा इथला, हिशेब तिकडचा

जागतिक बँकेच्या पैशातून चाललेल्या प्रकल्पामुळे आपले नुकसान होते आहे आणि त्यात बँकेने स्वतःचेच नियम मोडले आहेत, असे एखाद्या गावातल्या दोन माणसांना वाटले, तर त्यांना आज थेट वॉशिंग्टनला तक्रार करता येते. मधे तहसीलदार नाही, मंत्रालय नाही, स्वतःच्या सरकारची परवानगी नाही. ही तक्रार ऐकणारे इन्स्पेक्शन पॅनेल बँकेच्या व्यवस्थापनाच्या हाताखाली नसते. ते संचालक मंडळाला अहवाल देते. सप्टेंबर १९९३ मध्ये ते स्थापन करण्याचा ठराव झाला. त्यामागे कारणे अनेक होती. अमेरिकी काँग्रेसचा दबाव होता, बँकेच्या आतही अस्वस्थता होती. पण बँकेची अब्रू चव्हाट्यावर आली ती नर्मदेवरच्या सरदार सरोवर प्रकरणात. त्या धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातले जे पहिले गाव जाणार होते, ते अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. तोवर मणिबेलीचा आणि साक्रीचा कलेक्टर एकच होता, धुळ्यात बसणारा.

खानदेशाने जगाला काय दिले, असे विचारले की केळी, कापूस आणि बहिणाबाई अशी यादी निघते. मदत देणाऱ्या संस्थेला मदत घेणाऱ्याने जाब विचारायची वाट या यादीत कधीच नसते. ती असायला हवी. निव्वळ अभिमानासाठी नव्हे; ती वाट कशी निघाली हे नीट पाहिले तर आज आपल्या गावोगाव चाललेल्या वाटपांकडे, शिबिरांकडे आणि ‘दत्तक गाव’ योजनांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

बँकेने १९८५ मध्ये या धरणासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. विस्थापितांना कसे वसवायचे, आदिवासींच्या बाबतीत काय काळजी घ्यायची, याचे बँकेचे नियम कागदावर होते आणि ते वाईट नव्हते. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बुडणार होती. तिथली पुष्कळ शेती सरकारी दप्तरात वनजमिनीवरचे अतिक्रमण म्हणून पडलेली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेले शेत बुडणार, पण भरपाईच्या हिशेबात तो माणूस शेतकरीच नाही. लोकांनी नर्मदा धरणग्रस्त समितीच्या आणि पुढे नर्मदा बचाओ आंदोलनाच्या बळावर एकच गोष्ट केली: नाही म्हटले. मोजणीला नाही, हलायलाही नाही. पोलीस आले तरी नाही. जगभरच्या वर्तमानपत्रांत ते ‘नाही’ पोचले, तेव्हा बँकेने १९९१ मध्ये स्वतंत्र आयोग नेमला. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स हे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. उपाध्यक्ष थॉमस बर्जर हे कॅनडातले माजी न्यायाधीश.

या आयोगाने आधी आपल्या अटी मान्य करून घेतल्या, आणि माझ्या मते सारी गोम तिथेच आहे. खर्चाचे पैसे वेगळे हवेत आणि अहवाल आमच्या नावाने, जसाच्या तसा प्रसिद्ध व्हावा. मग माणसे खोऱ्यात फिरली. जून १९९२ मध्ये अहवाल आला: आहे या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही, बँकेने एक पाऊल मागे घ्यावे. बँकेने लगेच मागे घेतले नाही. अटी आणि मुदती घालून सहा महिने दिले. अखेर मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनेच उरलेले कर्ज नको म्हणून कळवले. त्याच वर्षी सप्टेंबरात पॅनेलचा ठराव झाला. पॅनेलकडे आलेली पहिली तक्रार नेपाळच्या अरुण नदीवरच्या धरणाची, १९९४ ची. पुढच्या वर्षी बँक त्या प्रकल्पातून बाहेर पडली.

मणिबेलीला मात्र काय मिळाले? धरण थांबले नाही. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला वाट मोकळी करून दिली आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले. ज्यांच्यामुळे दार उघडले त्यांना त्या दारातून आत जाता आले नाही. नेपाळच्या डोंगरातली माणसे गेली. हे विसरून मणिबेलीची गोष्ट सांगितली तर ती निव्वळ कौतुकाची होते.

कोणी म्हणेल, बँक कर्ज देते. दुष्काळात धान्य वाटणारी संस्था आणि ती एकाच मापाने मोजता येणार नाही. खरे आहे. पण दोन्हीकडे दुखणे एकच. पैसा देणारा एक, ज्याच्या नावाने पैसा येतो तो दुसरा, आणि मधली संस्था हिशेब पहिल्याला देते. यात कोणाची नियत वाईट असावी लागत नाही. देणाऱ्याच्या हातात पुढचा हप्ता असतो आणि घेणाऱ्याच्या हातात काहीच नसते, एवढे पुरते. माणूस ज्याच्या हातात काही आहे त्यालाच उत्तर देतो. संस्थाही माणसांच्याच असतात.

हे जवळून पाहायचे असेल तर साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या, पिंपळनेरच्या वरच्या अंगाच्या एखाद्या पाड्यावर किट वाटपाच्या दिवशी जावे. समाजमंदिराच्या भिंतीला बॅनर, त्यावर देणगीदाराचे बोधचिन्ह माणसाच्या डोक्याएवढे. टेबलावर पिठाची पिशवी, तेलाचा पुडा, डाळ, साबण. कार्यकर्ता नाव पुकारतो, बाई पुढे येते, रजिस्टरवर अंगठा उठवते, किट हातात घेऊन बॅनरकडे पाठ करून उभी राहते, फोटो होतो. मग पुढचे नाव. संध्याकाळी रजिस्टर गाडीत बसून जाते. त्या रजिस्टरची पाने भरली म्हणजे काम झाले. अंगठे आणि फोटो मिळून ‘उपयोगिता’ सिद्ध होते. त्या बाईला काय हवे होते, आधीच्या आठवड्यात तिच्या घरी काय कमी होते, यादीतून शेजारचे घर का सुटले, यासाठी रजिस्टरात रकाना नाही. विचारले तर ती अहिराणीत एवढेच म्हणते, ‘आमले कोन इचारस?’ कार्यकर्ता भला असतो, बहुतेकदा जवळच्याच गावचा, आणि पगार त्यालाही तुटपुंजाच असतो.

अलीकडे मोठ्या संस्था तक्रारपेटी लावतात, टोल-फ्री नंबर देतात. हे बाहेरच्या जगातून आले आहे. १९९४ च्या रवांडातल्या नरसंहारानंतर निर्वासितांच्या छावण्यांत मदतीचा जो गोंधळ झाला, त्याच्या मोठ्या चौकशीचे अहवाल १९९६ मध्ये आले. त्यातून ‘स्फिअर’ नावाची किमान मानके आली, पुढे २०१४ मध्ये मानवतावादी कामाची नऊ वचने ठरली. तक्रारीचे स्वागत करू, ती सोडवू, हे त्यांतले एक वचन. कागद उत्तम आहेत. पण २०१८ मध्ये ऑक्सफॅमच्या काही कर्मचाऱ्यांची हैतीतली दुष्कृत्ये उजेडात आली ती लंडनच्या एका वर्तमानपत्रामुळे, घटना घडून सात वर्षे झाल्यावर. संस्थेने अंतर्गत चौकशी केली होती, काहींना काढलेही होते. सगळे खरे हैतीच्या लोकांना मात्र सांगितले नव्हते. तेव्हा पेटी दिसली की मी एकच प्रश्न विचारतो: किल्ली कोणाकडे असते? ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच खिशात ती असेल, तर ती पेटी भिंतीची शोभा आहे.

आपल्याकडे याहून जुनी आणि जास्त टोकदार परंपरा आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी इतकी कापली, की मुंबई इलाख्यातले हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी मदत नाकारली, ही गोष्ट पुन्हा वाचून पाहावी. पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारला धारेवर धरले. त्याच दुष्काळात जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले. एकाने पोट भरले, दुसऱ्याने जाब विचारला, दोन्ही लागते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ‘फॅमिन कोड’ आले. कोणत्या परिस्थितीत काम काढायचे, मजुरी काय द्यायची, सारा कधी तहकूब करायचा, हे सरकारने स्वतःच लिहून ठेवले. अर्थात इंग्रजीत, कचेरीत.

१८९६ चा दुष्काळ आला तेव्हा टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने त्या कोडातली कलमे सोप्या मराठीत करून वाटली. जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवली. सरकारने हे देणे कबूल केलेले आहे, ते मागा; गुरेढोरे विकून सारा भरू नका, असे ‘केसरी’ सांगत राहिला. यात नवा हक्क एकही नव्हता. सरकारच्या कपाटातला कागद फक्त ज्याच्यासाठी लिहिला होता त्याच्या हातात गेला. तेवढ्याने सरकार इतके चिडले, की १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली. एखादी माहिती लोकांना दिल्याने देणारा अस्वस्थ होत असेल, तर ती माहिती योग्य जागी पोचली असे समजायला हरकत नाही.

१९७२ च्या दुष्काळातली माणसे अजून आहेत. खडी फोडणे, पाझर तलाव, तांबडी मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी हे त्यांना विचारा. मदत मोठी होती. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पण कामावर घ्यायचे की नाही ते मुकादम ठरवी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यानंतर निदान कागदावर तरी चित्र उलटले: मी काम मागितले, पंधरा दिवसांत दिले नाही, तर भत्ता तुम्ही द्यायचा. शहाद्याच्या श्रमिक संघटनेसारख्या संघटना या पट्ट्यात जे मोर्चे काढू शकल्या, त्यांना या कायद्याने पायाखाली जमीन दिली. सुकडीसाठी मोर्चा निघत नाही, थकलेल्या मजुरीसाठी निघतो.

किल्लारीच्या भूकंपानंतरचे एक उदाहरण थोडक्यात सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला. नवी गावे देणगीदारांच्या आणि अभियंत्यांच्या नकाशाप्रमाणे उभी राहिली, सरळ रस्ते आणि एकसारखी घरे, वाड्याची सवय असलेल्या माणसांना परकी. दुरुस्तीच्या कार्यक्रमात मात्र ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ नेमले गेले. घरमालकाला किती रक्कम आली, किती हप्ते, सिमेंट कुठले, गवंड्याने काय करायला हवे, हे त्या घरोघर सांगत. इंजिनियरला प्रश्न विचारणारे माणूस गावातच तयार झाले. पुढे २००१ च्या भूकंपानंतर याच भागातल्या बायका कच्छला जाऊन तिथल्या बायकांशी बोलल्या.

आणि मग आपल्या शेजारचा नंदुरबार. २००७ मध्ये आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. राज्य पातळीवर पुण्याच्या ‘साथी’ने जुळवाजुळव केली. गावाच्या समितीने आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा, लाल असे शेरे द्यायचे आणि मग जनसुनवाईत डॉक्टर, अधिकारी, पत्रकार यांच्यासमोर उभे राहून बोलायचे. एरवी ओपीडीच्या खिडकीशी आवाज न फुटणारी बाई माईक हातात घेऊन विचारते, की सरकारी दवाखान्यात बाहेरची चिठ्ठी का दिली? समोर बसलेल्या अधिकाऱ्याला सगळ्यांदेखत उत्तर द्यावे लागते. याची धार चिठ्ठी लिहून पेटीत टाकण्यात नाही. पण इथेही एक गाठ होती. देखरेखीचा पैसा त्याच आरोग्य अभियानातून येत होता ज्याच्यावर देखरेख ठेवायची. मोर्स यांनी खर्चाचे पैसे वेगळे का मागितले, ते इथे कळते.

आता साक्री तालुक्यात पाहा. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, शिवाजीनगरला सौर प्रकल्प आहे. मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावणारे कलम २०१४ पासून लागू आहे, आणि त्यात स्थानिक भागाला प्राधान्य द्या असेही म्हटले आहे. हिशेब कोणाला? संचालक मंडळाच्या समितीला आणि दिल्लीच्या मंत्रालयाला. मोठ्या प्रकल्पांचे परिणाम त्रयस्थाकडून तपासून घ्यायचे, तोही अहवाल मंडळापुढे. ज्या गावात शाळेला बाके दिली त्या गावाची ग्रामसभा या कलमात कुठेच नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने खाते दिल्लीच्या एका ठरावीक शाखेत आणले, कार्यालयीन खर्चावर वीस टक्क्यांची मर्यादा घातली आणि एका संस्थेने दुसरीला पैसे पुढे देणे बंद केले. गैरप्रकार रोखायचे हे कारण. परिणाम असा, की तालुक्यातल्या ज्या छोट्या संस्थेला पाड्यावरचा माणूस नावाने ओळखतो, जिच्या दारात जाऊन तो भांडू शकतो, तिला मोठ्या संस्थेमार्फत येणारा पैसा आटला. हिशेब कडक झाला, पण सगळा वरच्या दिशेने. सरकारकडून भरघोस पैसा घेणाऱ्या संस्थांना माहितीचा अधिकार लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे; किती संस्थांच्या दारावर त्याची पाटी दिसते?

यावर कार्यकर्ते चिडतात, आणि त्यांची बाजू पोकळ नाही. पाच माणसांची संस्था, त्यात एक जण वर्षभर अहवालच लिहितो. आता गावाचाही अहवाल लिहायचा का? शिवाय ग्रामसभा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. सरपंच, दोन ठेकेदार, मागे उभ्या बायका, आधीच लिहून आणलेला ठराव. गाव म्हणजे एकजिनसी भला माणूस नव्हे. यादी चव्हाट्यावर वाचली तर ज्याचे वजन त्याचेच नाव राहील, असेही होते.

शेवटचा मुद्दा मला पटत नाही. वजनदाराचे नाव बंद खोलीतही राहतेच. चव्हाट्यावर निदान ते नाव वाचताना कोणीतरी खाकरतो. पण ग्रामसभेच्या वेळेची अडचण मात्र कोणी बोलत नाही, आणि आपल्या भागात ती सगळ्यांत मोठी आहे. दिवाळी झाली की या पट्ट्यातली घरेच्या घरे कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला पाड्यावर म्हातारी माणसे आणि कुलपे. ज्यांच्या नावाने सामाजिक अंकेक्षण व्हायचे ती माणसे बारडोलीच्या बाजूला उसात. होळीला ती परततात, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बहुतेक घरे भरतात. तेव्हा पेसा क्षेत्रातल्या पाड्यांवर कोणत्याही संस्थेला खरेच लोकांपुढे उभे राहायचे असेल, तर तिने आपला ‘वार्षिक अहवाल’ ३१ मार्चच्या गडबडीत न लिहिता आखाजीच्या आठवड्यात, अहिराणी-भिल्ली-कोकणीत, तोंडी सांगावा. याला खर्च एका चहाचा आहे.

साक्री तालुक्यातलेच बारीपाडा इथे आठवते. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणून आता सगळे नाव घेतात. वनवासी कल्याण आश्रमाची मदत तिथे होती. पण जंगल राखायचे नियम, दंड, राखण हे गावाने स्वतः ठरवले आणि शेकडो हेक्टर जंगल उभे राहिले. स्वतःचे जंगल आणि स्वतःचे नियम असलेल्या गावात बाहेरची संस्था आली की ती पाहुणी असते. तिला घराची रीत पाळावी लागते. मला मात्र बारीपाड्याचे दाखले देणाऱ्यांची थोडी भीती वाटते. एक आदर्श गाव दाखवून बाकीच्या शंभर गावांना ‘तुम्हीच आळशी’ म्हणायची सोय होते. चैत्रामभाऊंसारखा माणूस प्रत्येक पाड्यावर निपजेल, या भरवशावर कुठली व्यवस्था उभी करता येत नाही. जिथे तसा माणूस नाही तिथल्या बाईच्या हातातही काहीतरी असायला हवे.

ते काय असावे, याचे माझे उत्तर साधे आहे आणि त्याला नवा कायदाही फारसा लागत नाही. कंपनीने किंवा देणगीदाराने संस्थेशी करार करताना एक अट घालावी: शेवटचा हप्ता, समजा एकूण रकमेच्या दहा टक्के, त्या पाड्याच्या ग्रामसभेचा ठराव आल्यावरच सुटेल. ठरावात तीनच गोष्टी हव्यात. काय देऊ म्हणाले होते, काय दिले, आणि कोण सुटले. ठराव आखाजी ते पोळा या काळातला हवा, आणि त्यावर बायकांच्या निम्म्या सह्या. तक्रार ऐकायला जो बसेल त्याचा पगार ना संस्थेकडून, ना देणगीदाराकडून. तालुक्याच्या कॉलेजातला एखादा प्राध्यापक, निवृत्त मुख्याध्यापिका, धुळ्याचा एखादा वकील चालेल. सरपंच या दहा टक्क्यांसाठी अडवणूक करील, हा धोका आहेच. पण सध्या तीच अडवणूक जिल्ह्याच्या ठिकाणी, बंद दाराआड, कोणाला न दिसता होते. पाड्यावर झाली तर ज्यांच्यासाठी पैसा आला होता त्यांना ती दिसेल. आणि उद्या तो सरपंच मते मागायला त्यांच्याच दारात येणार आहे.